महिना नेमका कुठे संपतो?

“महिन्यावार विक्री काढून द्या.” दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही हिशेब विभागात हे वाक्य ऐकू येते. डेटाबेस सांभाळणाऱ्याला त्यात काही अवघड वाटत नाही. टेबलमध्ये प्रत्येक बिलाची वेळ आहे आणि रक्कमही आहे. वेळेतून महिना काढायचा, महिन्यानुसार गट पाडायचे, बेरीज करायची. क्वेरी तीन ओळींची, आकडे दोन सेकंदांत पडद्यावर. अडचण पुढे सुरू होते. तेच काम दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने केले, तर त्याचे आकडे वेगळे येतात आणि दोघांच्याही क्वेरीत पटकन चूक सापडत नाही.

समजा, नागपूरच्या एका ग्राहकाने १ एप्रिल २०२५ च्या पहाटे २ वाजून १० मिनिटांनी मोबाइलवरून मिक्सर मागवला. नागपूरच्या घड्याळाप्रमाणे हे बिल एप्रिलचे, म्हणजे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे. दुकानाचा सर्व्हर मात्र यूटीसी या जागतिक वेळेवर चालतो आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. म्हणून टेबलमध्ये त्या बिलापुढे ३१ मार्च, रात्रीचे ८ वाजून ४० मिनिटे अशी नोंद पडते. महिन्यावार गट पाडले की बिल मार्चमध्ये जाते, तिमाहीवार पाडले की आधीच्या तिमाहीत आणि वर्षवार पाडले की आधीच्या आर्थिक वर्षात. एका मिक्सरने काही बिघडत नाही. पण रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतली सगळी बिले अशीच एक दिवस मागे सरकतात. सणासुदीचा सेल मध्यरात्रीच सुरू करण्याची पद्धत पाहता ही बिले थोडीथोडकी नसतात.

तारखेचे असे घोटाळे प्रोग्रामच्या चुकीने क्वचितच होतात. यंत्र सांगितले तेच करते. दिवस, आठवडा, महिना आणि वर्ष म्हणजे नेमके काय, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

आत असते ती संख्या

पडद्यावर ‘०३/०४/२०२५’ असे जे दिसते, ते डेटाबेसच्या आत त्या रूपात नसते. तिथे ना तिरकी रेघ असते, ना महिन्याचे नाव. पोस्टग्रेस हा डेटाबेस १ जानेवारी २००० च्या मध्यरात्रीपासून किती मायक्रोसेकंद झाले ती संख्या साठवतो. युनिक्सची मोजणी १ जानेवारी १९७० पासून सेकंदांत चालते. ओरॅकलचा ‘डेट’ हा प्रकार सात बाइटांचा असतो: शतक, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. म्हणजे नाव नुसते ‘डेट’ असले तरी त्यात वेळ दडलेली असतेच. नवख्या माणसाने ओरॅकलमध्ये तारखेनुसार गट पाडले, की एका दिवसाची एक ओळ मिळण्याऐवजी शेकडो ओळी येतात, कारण प्रत्येक सेकंदाचा वेगळा गट पडलेला असतो.

मोजणी कुठून सुरू करायची, यामागे इतिहास असतो. एसक्यूएल सर्व्हरचा जुना ‘डेटटाइम’ १ जानेवारी १७५३ च्या मागची तारीख घेतच नाही. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये ज्युलियन दिनदर्शिका सोडून ग्रेगरियन स्वीकारली आणि त्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख उजाडली. त्याच्या पुढच्या वर्षापासूनच्याच तारखा घेतल्या, की हे गळालेले अकरा दिवस आड येत नाहीत. एक्सेलची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या मोजणीत १ हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९०० आणि ६० म्हणजे २९ फेब्रुवारी १९००. हा दिवस जगात कधी उगवलाच नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हते. एक्सेल आले त्या काळी बाजारात असलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये ही चूक होती आणि त्याच्या फाइली जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून ठेवली.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा असते. मायएसक्यूएलचा ‘टाइमस्टँप’ हा प्रकार युनिक्सच्या सेकंदांवर बेतलेला आहे. चिन्हासह ३२ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या २१४,७४,८३,६४७. एवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पूर्ण होतात. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या पलीकडे जातो, तो अशा कॉलममध्ये बसत नाही.

रूप देण्याच्या तऱ्हा

या संख्येला माणसाने वाचण्याजोगे रूप देणे म्हणजे फॉरमॅटिंग. एसक्यूएल या भाषेच्या १९९२ च्या प्रमाणित आवृत्तीत तारीख, वेळ आणि कालावधी यांचे प्रकार ठरले, तारखेतून वर्ष किंवा महिना काढून देणारे ‘एक्स्ट्रॅक्ट’ही ठरले. पण तारीख छापायची कशी, याचा नियम त्यात नव्हता. तो २०१६ च्या आवृत्तीत आला. मधल्या जवळजवळ पाव शतकात प्रत्येक कंपनीने आपापली वाट धरली होती आणि कोट्यवधी ओळींचे प्रोग्राम त्या वाटांवर लिहून झाले होते.

ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये ‘टू_चार’ हे फंक्शन आहे. त्याला अक्षरांचा साचा द्यायचा, चार वाय म्हणजे वर्ष, दोन एम म्हणजे महिना, दोन डी म्हणजे दिवस. मायएसक्यूएलमध्ये ‘डेट_फॉरमॅट’ आणि टक्क्याच्या चिन्हापुढे एक अक्षर. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा स्वतंत्र प्रकारच नाही. मजकूर किंवा आकडा ठेवायचा आणि ‘एसटीआरएफटाइम’ने सजवायचा. एसक्यूएल सर्व्हरने तर शैलींना क्रमांकच दिले. १०१ म्हणजे अमेरिकी पद्धत, महिना आधी. १०३ म्हणजे ब्रिटिश पद्धत, दिवस आधी. ११२ म्हणजे मधे काहीही न घालता सलग आठ आकडे. हे क्रमांक वर्षानुवर्षे काम केलेल्यांनाही पाठ नसतात, पण भारतात काम करणाऱ्यांच्या तोंडी १०३ आणि १०५ असतात, कारण आपल्याकडच्या तिरक्या रेघेच्या आणि आडव्या रेघेच्या तारखा त्यांतून मिळतात.

चुकण्याच्या ठरलेल्या जागाही आहेत. ओरॅकलच्या साच्यात दोन एम म्हणजे महिना. मिनिटांसाठी एम आणि आय लिहावे लागते. तासापुढे कोणी सवयीने दोन एम लिहिले, तर ३ एप्रिलच्या संध्याकाळी पावणेसहाचे बिल १७:४५ ऐवजी १७:०४ असे छापले जाते. त्या महिन्यातल्या प्रत्येक बिलाची मिनिटे ०४ च दिसतात. आकडा साठच्या आतला असल्यामुळे कोणाला संशय येत नाही आणि चूक मे उजाडून सगळीकडे ०५ दिसू लागले तरी लपून राहू शकते. मायएसक्यूएलमध्ये छोटा एम महिन्याचा क्रमांक देतो, मोठा एम महिन्याचे इंग्रजी नाव आणि मिनिटांसाठी छोटा आय लागतो.

‘०३/०४/२०२५’ म्हणजे पुण्यात ३ एप्रिल आणि न्यू जर्सीत ४ मार्च, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे मानक आले: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. या रूपाचा एक फायदा असा, की मजकूर म्हणून लावलेला क्रम आणि काळाचा क्रम एकच येतो. तरीही सावध राहावे लागते. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘डेटटाइम’ला ‘२०२५-०४-०३’ दिले आणि डेटाबेसशी केलेल्या जोडणीची भाषा ब्रिटिश इंग्लिश असली, तर तो त्याचा अर्थ वर्ष, दिवस, महिना असा लावतो आणि ४ मार्च समजतो. तिथे रेघा न घालता ‘२०२५०४०३’ लिहिणे सुरक्षित ठरते.

गट आधी, सजावट नंतर

फॉरमॅटिंग आणि ग्रुपिंग एकाच दमात उरकण्याचा मोह फार मोठा असतो. तारखेला महिन्याचे नाव द्यायचे आणि त्याच नावावर गट पाडायचे. यातून दोन घोळ होतात. पहिला म्हणजे ‘मार्च’ या एकाच गटात २०२३, २०२४ आणि २०२५ असे तिन्ही मार्च येऊन बसतात आणि विक्री तिप्पट दिसते. दुसरा घोळ क्रमाचा. नावे मजकूर असल्यामुळे ती वर्णक्रमाने लागतात. मराठी नावांची यादी केली तर ती एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च, मे, सप्टेंबर अशी येते. आलेखावर ही रांग लावली की विक्रीची रेषा नुसती हेलकावे खात राहते.

योग्य मार्ग म्हणजे तारखेला तारीखच राहू द्यायचे आणि तिचा शेपटाकडचा भाग छाटायचा. पोस्टग्रेसमध्ये हे काम ‘डेट_ट्रंक’ करते. १७ मार्च २०२५, दुपारचे ३ वाजून २५ मिनिटे ही वेळ महिन्यापर्यंत छाटली, की १ मार्च २०२५, मध्यरात्र अशी तारीख मिळते. मार्चमधली सगळी बिले याच एका तारखेवर येऊन थांबतात. क्वेरी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली तर अशी दिसेल:

सिलेक्ट डेट_ट्रंक('मंथ', बिल_वेळ), सम(रक्कम)
फ्रॉम बिले
ग्रुप बाय १
ऑर्डर बाय १

उत्तरातला पहिला कॉलम खरीखुरी तारीख असल्यामुळे वर्षे मिसळत नाहीत आणि क्रमही काळाचाच राहतो. ‘मार्च २०२५’ असे लिहायचे असेल तर ते या उत्तरावर, सगळ्यात शेवटी लिहायचे. ओरॅकलमध्ये हेच ‘ट्रंक’ने होते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘डेटट्रंक’ थेट २०२२ च्या आवृत्तीत आले. तोपर्यंत तिथली मंडळी शून्य तारखेपासून किती महिने झाले ते मोजून तेवढे महिने पुन्हा मिळवण्याची द्राविडी प्राणायामाची युक्ती वापरत आणि जुन्या प्रोग्राममध्ये ती आजही जागोजागी भेटते.

३१ तारखेची दुपार

गट पाडण्याआधी बहुतेक वेळा नोंदी निवडाव्या लागतात: फक्त मार्च, किंवा फक्त हे वर्ष. इथे ‘बिट्वीन’ हा शब्द हमखास दगा देतो. ‘१ मार्च आणि ३१ मार्च यांच्या दरम्यान’ अशी अट घातली, की माणूस अख्खा मार्च धरतो. डेटाबेस मात्र ३१ मार्च या शब्दांपुढे मध्यरात्रीचे शून्य तास जोडून घेतो. ३१ तारखेला सकाळी दुकान उघडल्यापासून झालेली सगळी विक्री अटीच्या बाहेर पडते. महिन्याचा, त्यातही आर्थिक वर्षाचा, शेवटचा दिवस म्हणजे बिलांची झुंबड. नेमकी तीच गळते.

मग कोणीतरी ३१ मार्चपुढे २३:५९:५९ लिहितो. त्यात शेवटच्या सेकंदातली अपूर्णांकाची बिले सुटतात, म्हणून पुढे .९९९ लावले जाते. एसक्यूएल सर्व्हरचा जुना ‘डेटटाइम’ सेकंदाचे तीनशे भाग करतो, म्हणजे त्याची पायरी साधारण ३.३३ मिलिसेकंदांची. त्या मापात .९९९ बसत नाही; तो जवळच्या पायरीवर जातो आणि ती पायरी असते १ एप्रिलची मध्यरात्र. आता एप्रिलच्या पहिल्या क्षणाची, म्हणजे वेळ न लिहिता नुसती तारीख टाकलेली सगळी बिले, मार्चमध्ये येऊन बसतात.

जाणकार यावर एकच अट लिहितात: वेळ १ मार्च किंवा नंतरची आणि १ एप्रिलच्या आधीची. महिना तीस दिवसांचा की एकतीस, फेब्रुवारी लीप आहे का, घड्याळ मिलिसेकंद मोजते की मायक्रोसेकंद, याच्याशी या अटीला देणेघेणे नाही. तिचा आणखी एक लाभ वेगाचा. ‘वेळेतून वर्ष काढ आणि ते २०२५ आहे का बघ’ असे सांगितले तर डेटाबेसला प्रत्येक ओळ उचलून तिच्यावर फंक्शन चालवावे लागते आणि बिलाच्या वेळेवर बांधलेला इंडेक्स पडून राहतो. दोन टोकांची अट दिली, की तो इंडेक्समधून थेट मार्चच्या पहिल्या ओळीवर उतरतो आणि एप्रिल दिसताच थांबतो. काही हजार ओळींत हा फरक जाणवत नाही, काही कोटींत मिनिटांचा होतो.

साडेपाच तासांचा हिशेब

नागपूरच्या मिक्सरचे बिल योग्य महिन्यात आणायचे, तर छाटण्याआधी वेळ भारतीय करून घ्यावी लागते. आधी छाटून मग साडेपाच तास मिळवले, तर गट यूटीसीचेच राहतात, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. टाइमझोनच्या सर्वमान्य यादीत भारताचे नाव ‘एशिया/कोलकाता’ आहे, मुंबईसाठी वेगळी नोंद नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईने आपली वेगळी वेळ, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढची, १९५५ पर्यंत चालवली होती. तेव्हाच्या मुंबईतल्या नोंदी कोणी डेटाबेसमध्ये घालू लागला, तर ही ३९ मिनिटे त्याला स्वतःच सांभाळावी लागतील.

पोस्टग्रेसमध्ये ‘ॲट टाइम झोन’ या शब्दांनी रूपांतर होते, पण ते दुधारी आहे. कॉलम झोनची जाणीव असलेल्या प्रकाराचा असेल, तर ते यूटीसीतून भारतीय वेळ काढून देते. कॉलम झोनविना असेल, तर ते उलट अर्थ घेते: ही भारतीय वेळच आहे, तिची यूटीसी कर. यूटीसीवर चालणाऱ्या जोडणीत मग साडेपाच तास मिळवायचे तिथे वजा होतात आणि नोंद खऱ्या वेळेपासून अकरा तास मागे पडते. मायएसक्यूएलमध्ये ‘कन्व्हर्ट_टीझेड’ला झोनचे नाव दिले आणि सर्व्हरवर झोनची टेबले भरलेलीच नसली, तर चूक झाल्याचा संदेश येत नाही, गुपचूप ‘नल’, म्हणजे रिकामी किंमत, येते. सगळी बिले ‘नल’ या एका गटात गोळा झालेली पाहून मग शोधाशोध सुरू होते.

भारतात घड्याळे पुढेमागे होत नाहीत, हे भारतीय प्रोग्रामरचे मोठे सुख. अमेरिकेतल्या ग्राहकाचे रिपोर्ट पुण्यातून काढणाऱ्यांना ते नसते. न्यू जर्सीत ९ मार्च २०२५ हा दिवस २३ तासांचा होता आणि २ नोव्हेंबर २०२५ हा २५ तासांचा. त्या रविवारी रात्री एक ते दोन हा तास दोनदा येऊन गेला. स्थानिक वेळेवर तासावार गट पाडले, की तो एकच तास दुप्पट धंदा केल्यासारखा दिसतो.

आठवड्याचे वर्ष

दिवस आणि महिन्यापेक्षा आठवडा जास्त त्रास देतो, कारण तो महिन्यातही बसत नाही आणि वर्षातही. आधी तो सुरू कधी होतो, यावरच एकमत नाही. मायएसक्यूएलचे ‘डेऑफवीक’ रविवारला १ म्हणते, त्याच मायएसक्यूएलचे ‘वीकडे’ सोमवारला ० म्हणते. त्याच्या ‘वीक’ या फंक्शनला मोजणीच्या आठ पद्धती आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पहिला वार जोडणीच्या भाषेवर ठरतो: अमेरिकी इंग्लिश असेल तर रविवार, ब्रिटिश असेल तर सोमवार. तीच क्वेरी, तेच टेबल, पण दोन जणांच्या लॉगिनची भाषा वेगळी म्हणून आठवड्याची बेरीज वेगळी.

आयएसओच्या नियमात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या वर्षात त्याचा गुरुवार पडतो, त्या वर्षाचा तो मानला जातो. सोमवार, २९ डिसेंबर २०२५ घ्या. त्या आठवड्याचा गुरुवार १ जानेवारी २०२६ ला येतो, म्हणून तो २०२६ चा पहिला आठवडा. आता कोणी वर्ष नेहमीच्या दिनदर्शिकेतून घेतले आणि आठवडा आयएसओतून, तर त्या सोमवारची पाटी होते ‘२०२५, आठवडा १’. याच नावाचा गट जानेवारी २०२५ मध्येही पडलेला असतो. वर्षाच्या दोन टोकांची विक्री एकाच ओळीत जमा होते. म्हणूनच पोस्टग्रेस आणि ओरॅकलच्या साच्यात आठवड्याच्या वर्षासाठी आय अक्षर पुढे लावलेला वेगळा संकेत आहे आणि मायएसक्यूएलमध्ये छोटा एक्स.

याच गोंधळाचे उलटे रूप २९ डिसेंबर २०१४ रोजी जगाने पाहिले. तोही सोमवार होता आणि आयएसओप्रमाणे २०१५ चा पहिला आठवडा त्याच दिवशी सुरू झाला. यूटीसीची मध्यरात्र उलटताच ट्विटरचे सर्व्हर २०१५ हे साल सांगू लागले, कारण तारखेच्या साच्यात दिनदर्शिकेच्या वर्षाऐवजी आठवड्याचे वर्ष पडले होते. एक वर्ष पुढची तारीख पाहून अँड्रॉइडवरचे अनेक वापरकर्ते आपोआप बाहेर फेकले गेले आणि काही तास त्यांना आत शिरता आले नाही. चूक एका अक्षराची होती. वर्षातले बाकीचे बहुतेक सगळे दिवस ती बरोबरच उत्तर देत असल्यामुळे कोणाच्या नजरेस आली नव्हती.

एप्रिलचे वर्ष, ऑक्टोबरचा हंगाम

भारतात सरकारी हिशेबाचे वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होते. डेटाबेसचे ‘क्वार्टर’ हे फंक्शन मात्र जानेवारी ते मार्चला पहिली तिमाही म्हणते. यावर सोपा तोडगा म्हणजे तारखेतून तीन महिने वजा करायचे आणि मग वर्ष व तिमाही काढायची. १५ फेब्रुवारी २०२५ मधून तीन महिने गेले की १५ नोव्हेंबर २०२४; वर्ष २०२४, तिमाही चौथी. म्हणजे २०२४-२५ ची चौथी तिमाही, आणि ते बरोबर आहे. साखर कारखान्याचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा धरतात, म्हणून तिथे हीच युक्ती नऊ महिन्यांनी करायची. ऑक्टोबर २०२४ मधला ऊस मग २०२४-२५ च्या गाळपात येतो आणि महसूल २०२४-२५ च्या आर्थिक वर्षात. त्याच कारखान्याने जून २०२५ मध्ये विकलेली साखर मात्र हंगामाने २०२४-२५ ची आणि ताळेबंदाने २०२५-२६ ची.

या तोडग्यालाही एक खाच आहे. ३१ डिसेंबरमधून तीन महिने वजा केले तर ३१ सप्टेंबर येते आणि अशी तारीख नसते. पोस्टग्रेस, ओरॅकल, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर तिला ३० सप्टेंबरवर आणून थांबवतात. एसक्यूलाइट ती स्वतःहून थांबवत नाही, तो पुढे सरकून १ ऑक्टोबर देतो. मोबाइलमधल्या असंख्य ॲपच्या पोटात एसक्यूलाइटच असतो. तिथे ३१ डिसेंबरची विक्री तिसऱ्या तिमाहीतून उडी मारून चौथीत जाते.

न झालेल्या विक्रीची ओळ

ग्रुपिंगमध्ये जे आहे त्याचेच गट पडतात. ज्या दिवशी एकही बिल झाले नाही, त्या दिवसाची ओळच येत नाही. दुकान दर सोमवारी बंद असेल तर रोजच्या विक्रीच्या यादीतून सगळे सोमवार गायब होतात आणि आलेख रविवारवरून सरळ मंगळवारवर रेघ ओढतो. दिवसाची सरासरी काढतानाही भागाकार तीसने न होता सव्वीसने होतो. बंद दिवस धरायचे की नाहीत, हा मालकाचा निर्णय असायला हवा. इथे तो आपोआप होऊन जातो.

यावर उपाय म्हणजे आधी सगळ्या तारखांची रांग मांडायची आणि तिला विक्रीचे टेबल ‘लेफ्ट जॉइन’ने जोडायचे. पोस्टग्रेसमध्ये ही रांग ‘जनरेट_सिरीज’ तयार करते, मायएसक्यूएलमध्ये आठव्या आवृत्तीपासून रिकर्सिव्ह क्वेरीने करता येते. जोडल्यावर बिले मोजताना तारांकित ‘काउंट’ वापरला तर रिकाम्या दिवसापुढेही १ येतो, कारण रांगेतली ती ओळ तर असतेच. बिल क्रमांकाचा कॉलम मोजला की बरोबर शून्य मिळते.

मोठ्या संस्था ही रांग एकदाच मांडून कायमची ठेवतात. तिला कॅलेंडर टेबल म्हणतात. डेटा वेअरहाउसच्या जगात ही पद्धत रूढ करण्यात राल्फ किम्बल यांच्या १९९६ च्या ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. २००१ ते २१०० या शंभर वर्षांच्या फक्त ३६,५२४ ओळी होतात. आजच्या डेटाबेसला ते काहीच नाही. प्रत्येक दिवसापुढे कॉलम असतात: आर्थिक वर्ष, तिमाही, आयएसओ आठवडा, गाळप हंगाम, बँकेची सुट्टी. वर पाहिलेले सगळे निर्णय एकदा बसून घ्यायचे आणि इथे लिहून ठेवायचे. मग प्रत्येक क्वेरीत तीन महिने वजा करण्याची गरज उरत नाही आणि दोन विभागांचे आकडे एकाच व्याख्येवर उभे राहतात.

काही कॉलम सूत्राने भरता येतात. भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रपासून लागू आहे. ती सौर असल्यामुळे तिचा १ चैत्र नेहमी २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला येतो. पंचांगावर चालणारे सण मात्र दरवर्षी पाहून हातानेच भरावे लागतात आणि महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याला खरी गरज त्यांचीच असते.

गुढीपाडव्याचेच पाहा. सोने, गाड्या आणि घरे यांचा तो मोठा दिवस. तो २०२३ मध्ये २२ मार्चला आला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला. म्हणजे १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या आर्थिक वर्षात गुढीपाडवा एकदाही आला नाही आणि पुढच्या २०२४-२५ मध्ये तो दोनदा आला. आर्थिक वर्षानुसार गट पाडणारी क्वेरी कितीही अचूक लिहिली, वेळ भारतीय करून घेतली, ३१ मार्चची दुपार पकडली, तरी दुचाकी विकणाऱ्याला पहिल्या वर्षी मंदी आणि दुसऱ्या वर्षी तेजी दिसू शकते. बाजारात तसे काही घडलेले नसते. २०२५-२६ मध्ये पाडवा पुन्हा एकदाच, १९ मार्च २०२६ ला. अशा दुकानाच्या कॅलेंडर टेबलमध्ये ‘पाडव्याला किती दिवस उरले’ असा आणखी एक कॉलम घालतात. मग या वर्षीच्या पाडव्याआधीचे पंधरा दिवस गेल्या वर्षीच्या तशाच पंधरा दिवसांशेजारी मांडता येतात, त्यातले काही मार्चचे असोत की एप्रिलचे.